घर नसलेल्या मुलीची घरची शाळा : पंडिता रमाबाई



मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावं का, हा विषय आता आपल्या मराठी घरांतूनही अधूनमधून निघतो. अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशी मुभा आहे, नियम मात्र राज्याराज्यांत वेगळे. २०२० च्या साथीत तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण सगळ्यांनीच काही महिने शाळा भरवली. काहींना ती आवडली, काहींनी पुन्हा शाळेची बस दारात आली तेव्हा देवाला नारळ फोडला! आणि रोजची शाळा बाहेरची असली तरी मराठीची शाळा बहुतेकांच्या घरीच भरते, ती कशी भरवायची याची चिंता तर प्रत्येकालाच असते.

म्हणून या वेळी अशा एका मराठी मुलीची गोष्ट सांगायची आहे, जी लहानपणी एक दिवसही शाळेत गेली नाही. ती जन्मली कर्नाटकातल्या जंगलात, वाढली यात्रेच्या वाटेवर, आणि शिकली फक्त आईजवळ. पुढे तिला अख्खा देश पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागला. आपण तिची गोष्ट सहसा विसाव्या वर्षापासून सुरू करतो, कलकत्त्याच्या पंडितांनी तिचा गौरव केला तिथपासून. आज जरा आधीपासून सुरू करूया.

आधी आईची शाळा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, राहणारे मंगळूरकडचे. विद्यार्थीदशेत ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकायला होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. त्या बाईंच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून तरुण अनंतशास्त्री थक्क झाले. बायकांना हे येऊ शकतं, तर आपल्या घरी का नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पण घरच्या वडीलधाऱ्यांनी तो बेत चालू दिला नाही. पहिली पत्नी वारल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर, तीर्थयात्रेत भेटलेल्या एका गृहस्थांनी आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. तिचं नाव लक्ष्मीबाई. अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकवायला घेतलं आणि गावात गिल्ला झाला. त्यांना उडुपीच्या धर्मपीठापुढे जाऊन जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रग्रंथ धुंडाळून, स्त्रीला वेद वर्ज्य असले तरी पुराणं आणि काव्यं शिकवायला शास्त्राची आडकाठी नाही, असे आधार काढून दाखवले. त्यांना वाळीत टाकलं गेलं नाही, पण मनःशांती मिळाली नाही ती नाहीच.

शेवटी ते लक्ष्मीबाईंना घेऊन पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात राहायला गेले. तुंगा आणि भद्रा या नद्या तिथेच उगम पावतात. पहिल्या रात्री अंगावर छप्परसुद्धा नव्हतं. पलीकडे वाघ डरकाळ्या फोडत होता, ती पोर पासोडीत गुरफटून थरथरत पडली होती आणि शास्त्रीबुवा पहाटेपर्यंत राखण करत बसले होते. मग तिथे घर उभं राहिलं, विद्यार्थी येऊ लागले, शेती झाली, गुरं आली. त्या घरात लक्ष्मीबाई इतक्या शिकल्या की शास्त्रीबुवांच्या गैरहजेरीत विद्यार्थ्यांना त्या पाठ देऊ शकत. याच जंगलात २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली. श्रीनिवास आणि कृष्णाबाई ही तिची थोरली भावंडं.

वाटेवरचा वर्ग

रमा सहा महिन्यांची असतानाच हे घर मोडलं. पाहुण्यारावळ्यांचं आणि यात्रेकरूंचं आतिथ्य करता करता शास्त्रीबुवांची मिळकत संपली होती. सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तान्ह्या रमाला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावर दिलं. तिथून पुढे पंधरा-सोळा वर्षं या कुटुंबाला कायमचं छप्पर मिळालं नाही. एखाद्या क्षेत्री उतरायचं, देवळात पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर राहायचं, आणि पुढच्या गावी निघायचं.

रमा आठ वर्षांची झाली तेव्हा वडील साठी ओलांडून थकले होते. थोरल्या दोघांना त्यांनी स्वतः शिकवलं होतं, धाकटीला शिकवायचं काम आईकडे आलं. आता त्या माउलीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी स्वयंपाक, दुपारी पुराण, माणसांची ये-जा, पुढच्या मुक्कामाची बांधाबांध. मोकळा वेळ असा नव्हताच. म्हणून लक्ष्मीबाईंनी उजाडायच्या आधीची वेळ धरली. झोपाळलेल्या रमाला अंथरुणातून अलगद उचलायचं, लाडीगोडी लावून जागं करायचं, मांडीवर घ्यायचं आणि पाठ सुरू करायचा. समोर पुस्तक नसे. आई म्हणे, रमा तिच्यामागून म्हणे, पुन्हा आई म्हणे. पाखरं बोलू लागेपर्यंत हा वर्ग चाले, आणि मग आई चुलीकडे जाई.

हे एक-दोन महिने चाललं नाही. रमा आठ वर्षांची असल्यापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत, सुमारे सात वर्षं चाललं. व्याकरण, अमरकोशासारखा शब्दसंग्रह, आणि भागवत. ज्या भागवताची श्लोकसंख्या परंपरेने १८,००० मानली जाते, ते रमाच्या तोंडी बसलं. पण पाठांतराहून मोठी गोष्ट आईने दिली. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की आईने आपली तयारी अशी करून घेतली की नंतर थोड्याशा मदतीवर आपलं शिक्षण आपल्यालाच चालवता यावं. कुठल्याही शिक्षकाने याहून अधिक काय करायचं असतं?

आणि आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट, मराठी. रमा कर्नाटकात जन्मली, भारतभर हिंडली. तिला कानडी, हिंदी आणि पुढे बंगालीही येऊ लागली, ती त्या त्या प्रांतात राहून. मराठी मात्र आली आई-वडील घरात सतत मराठीच बोलत म्हणून, आणि मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं हाती पडतील ती वाचली म्हणून. महाराष्ट्रात त्या राहायला आल्या १८८२ साली, चोवीस वर्षांच्या असताना. त्याच वर्षी त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक मराठीत छापून निघालं! परक्या मुलखात मराठी टिकत नाही असं म्हणणाऱ्याला हे जरूर सांगावं.

अनंतशास्त्र्यांनी आणखी एक गोष्ट केली. थोरल्या मुलीचं लग्न लहानपणी लावून दिलं होतं आणि ते दुःखाचं ठरलं. धाकटीच्या बाबतीत त्यांनी रूढी मोडली, तिचं लहानपणी लग्न केलं नाही. शिकायला वेळ मिळाला तो त्यामुळे.

या शाळेत काय नव्हतं

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की घरच्या शाळेसारखी शाळा नाही. थांबा, गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती रमाबाईंनी झाकून ठेवली नाही.

आई-वडिलांनी मुलांना बाहेरच्या जगापासून जाणूनबुजून दूर ठेवलं होतं. नवी विद्या, इंग्रजी, विज्ञान, जगाचा इतिहास यांचा स्पर्श नव्हता. चरितार्थासाठी पुराण सांगण्यापलीकडे एकही कसब या कुटुंबाला येत नव्हतं. शेतीचा पैसा संपला होता, उरलेलं दानधर्मात आणि व्रतांत गेलं. आणि मग दक्षिणेत दुष्काळ आला.

हातातलं सोनं-नाणं विकून झालं, भांडी विकून झाली. विद्वान माणसं, भीक मागायची लाज, मोलमजुरीची सवय नाही. दिवसच्या दिवस पाण्यावर आणि झाडपाल्यावर काढले. १८७४ साली वडील गेले, काही आठवड्यांतच आईही गेली. आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. मग ते दोघे, श्रीनिवास आणि सोळा वर्षांची रमा अशा चौघांनी तिरडी उचलली. रमा उंचीने लहान, तिचा खांदा पुरेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होतं. जिने पहाटे उठवून शिकवलं, तिला पोचवायला ती अशी गेली. थोड्याच काळाने कृष्णाबाईही गेली.

संस्कृत कंठस्थ असलेलं हे घर दुष्काळात स्वतःला वाचवू शकलं नाही, ही गोष्ट रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. पुढे त्यांनी स्वतः शाळा काढली तेव्हा त्यांना काय काय हवंसं वाटलं, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

कलकत्ता ते फिलाडेल्फिया

भाऊ आणि बहीण हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आईच्या मांडीवर झालेला अभ्यास आता भर सभेत उभा राहिला होता. रमाबाई स्त्रीशिक्षणावर व्याख्यानं देऊ लागल्या. पण वडिलांनी न शिकवलेले धर्मशास्त्राचे ग्रंथ त्यांनी आता स्वतः वाचायला घेतले, आणि स्त्रियांबद्दल त्यांत काय काय लिहिलं आहे ते पाहून त्यांचं मन विटलं. आईने दिलेली वाचनाची सवय त्यांना आई-वडिलांच्या मतांपलीकडे घेऊन गेली. घरी शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाने हे लक्षात ठेवावं. नीट शिकवलेलं मूल एक दिवस आपल्याशीच असहमत होतं.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली. बालविधवांसाठी शाळा काढावी असा बेत नवराबायको करत होते, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरी दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्याला आल्या. तिथे रानडे मंडळींचा आधार मिळाला. न्यायमूर्ती रानड्यांनीही आपल्या पत्नीला, दुसऱ्या रमाबाईंना, घरच्यांचा रोष पत्करून घरीच शिकवलं होतं. अशा घरी शिकलेल्या बायकांना चार भिंतींबाहेर एकत्र आणणारा आर्य महिला समाज रमाबाईंनी १८८२ साली स्थापन केला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री-शिक्षिका तयार करा आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, अशी मागणी केली. प्रत्येक मुलीच्या नशिबी लक्ष्मीबाईंसारखी आई नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षण शक्य नव्हतं. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत असताना सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवत आणि गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत. बालपणी राहून गेलेला अभ्यास पंचविशी उलटल्यावर भरून काढणं चाललं होतं. छोटी मनोरमा बराच काळ वाँटेजला असे. परक्या देशात, परक्यांच्या उपकाराखाली राहूनही, मुलीने काय आणि कसं शिकावं हे ठरवायचा अधिकार आईचा, हे रमाबाई पत्रांतून ठामपणे कळवत राहिल्या.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या. ११ मार्चला समारंभ झाला. काही महिन्यांसाठी आलेल्या रमाबाई सुमारे अडीच वर्षं अमेरिकेत राहिल्या. व्याख्यानं देत गावोगाव फिरल्या, आणि या धामधुमीत त्यांनी एक अगदी वेगळी गोष्ट केली. फिलाडेल्फियात त्या किंडरगार्टनची पद्धत शिकल्या. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याची ही पद्धत : लाकडी ठोकळे, चेंडू, गाणी, बागकाम यांतून लहान मुलांनी हाताने करत, बघत शिकायचं. कंठाने शिकलेल्या बाईला हाताने शिकण्याची ही वाट सापडली आणि ती त्यांनी सोडली नाही. भारतातल्या शाळेसाठी मराठी वाचनमालेची तयारीही त्यांनी इथेच सुरू केली.

१८८७ साली त्यांचं ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघालं. हजारो प्रती खपल्या, त्या पैशातून शाळेचा पाया घातला गेला. पुस्तकाची अर्पणपत्रिका कुणाच्या नावे असेल? लक्ष्मीबाई डोंगरे. ज्या बाईने कधी शाळा पाहिली नाही तिचं नाव एक शिक्षिका म्हणून अमेरिकेत छापून आलं. त्याच वर्षाअखेर बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि भारतातल्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं.

घर आणि शाळा, दोन्ही

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. पहिल्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई, एक तरुण विधवा. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

सदन ही नुसती शाळा नव्हती. ज्या मुलींना घर उरलं नव्हतं त्यांना रमाबाईंनी आधी घर दिलं, मग धडे. मुली त्यांच्या खोलीत केव्हाही येऊ शकत. ज्यांना आपला आचार पाळायचा त्यांची सोय वेगळी होती. पण या मोकळ्या दारावरूनच वादळ उठलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी येऊन बसतात, यातून धर्मांतर होईल, अशी ओरड झाली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी कडवटपणा आला. त्यावर आजही वाद होतात. पण आपल्या लेकींच्या मनावर कुणाचा ठसा उमटतो आहे ही पालकांची धास्ती, आणि ज्या घरात मुलगी राहते तिथे दार लावून कसं घ्यायचं हा रमाबाईंचा सवाल, या दोन्ही गोष्टी परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्याला परक्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बाया शेकड्यांनी घेऊन आल्या. स्वतः झाडपाला खाऊन दिवस काढलेल्या बाईला ते चेहरे ओळखीचे होते. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. लहानग्यांसाठी किंडरगार्टन, मोठ्यांसाठी शाळा, आणि प्रत्येकीच्या हाताला काम : विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना. विद्येबरोबर पोट भरायचं कसब प्रत्येक मुलीला आलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १८७४ चा दुष्काळ आठवला की त्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

मनोरमा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात शिकली. ब्रेल लिपी शिकून परत आली आणि केडगावला अंध मुलींना शिकवू लागली. आईचा सगळा व्याप पुढे तीच चालवणार होती. पण जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई शेवटपर्यंत कामात होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्याचं काम त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. साठीपर्यंत नव्या भाषा शिकत राहिलेली ही तीच मुलगी, जिला आईने स्वतःच शिकत राहायला शिकवलं होतं.

आपल्यासाठी

मुलांना घरी शिकवावं की शाळेत, याचं एकच उत्तर रमाबाईंच्या चरित्रात सापडणार नाही. त्यांनी घरच्या शिक्षणाची ताकदही पाहिली आणि त्याची फार मोठी किंमतही मोजली. आईने दिलेली रोजची वेळ, तिचा आवाज, तिची भाषा त्यांनी जन्मभर जपली. बंद दारामुळे जे राहून गेलं, ते आधी स्वतः मिळवलं आणि मग हजारो मुलींना दिलं : बाहेरचं जग, विज्ञान, सवंगडी, आणि हाताला काम.

आपल्यापैकी कुणी मुलांना पूर्ण वेळ घरी शिकवत असेल, तर आठवड्यातून एकदा ही दोन्ही खाती तपासून पाहावीत, नुसती पहिल्या खात्याची शिल्लक पाहून समाधान मानू नये. आणि ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांच्यासाठी लक्ष्मीबाईंचा धडा सोपा आहे. त्यांच्याकडे वर्ग नव्हता, फळा नव्हता, पुरेशी पुस्तकं नव्हती, घरसुद्धा नव्हतं. दिवसाचा एक तुकडा मात्र त्यांनी सात वर्षं कुणाला दिला नाही. आपल्याकडे पहाट नसेल कदाचित, पण शाळेत सोडताना गाडीतली पंधरा मिनिटं आहेत, झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात एक गोष्ट मराठीत सांगून होते. आज रात्री हीच सांगून बघा, पासोडीत गुरफटलेल्या मुलीची आणि त्या वाघाची. पुढे काय झालं, हे मुलं नक्की विचारतील!